दुर्गाबाईंना घेऊन नागपूरला

गुरुवार, रात्र

विदर्भ एक्स्प्रेसने ठाणं सोडलं आणि मी वरच्या बर्थवर पिशवी उशाशी घेऊन आडवी झाले. पिशवीत एक स्वेटर, लॅपटॉप आणि पानं सुटायला आलेलं ‘मी, दुर्गा खोटे’, या अभिनेत्रीचं आत्मचरित्र. नागपूरच्या मावशीचा फोन आला होता, “डिसेंबरात ये. संत्री खा, आणि आमच्या बायकांपुढे दुर्गा खोटेंवर बोल.” मावशीच्या धंतोलीतल्या मैत्रिणींचा एक वाचनगट आहे. महिन्यातून एकदा जमतात, एका माणसावर कुणीतरी बोलतं, मग बाकीच्या भांडतात. या महिन्याला मी.

काय बोलायचं हे मनात बरेच दिवस तयार होतं. दुर्गाबाईंचं नाव निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : चांगल्या घरच्या बायका सिनेमात जात नव्हत्या, तेव्हा त्या गेल्या. खरंच आहे ते. पण तिथेच थांबलं की त्यांचं पुढचं सगळं काम झाकलं जातं. उंबरठा ओलांडायला एक दिवस पुरला असेल. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं ही बाई रोज तोंडाला रंग लावून कामावर गेली. मला त्या पन्नास वर्षांबद्दल बोलायचं होतं.

मुंबईत लाडांच्या घरी १४ जानेवारी १९०५ रोजी जन्म. कॅथेड्रल शाळा, मग सेंट झेवियर कॉलेज. लग्न होऊन खोट्यांच्या श्रीमंत घरी गेल्या. मग ती श्रीमंती ओसरली. बकुल आणि हरिन ही दोन मुलं वाढवायची होती, आणि हातात पैसा नव्हता. शिकवण्या धरल्या. सिनेमा आला तो त्या शिकवण्यांच्या रांगेत, आणखी एक काम म्हणून. १९३१ साली मोहन भवनानींच्या ‘फरेबी जाल’मध्ये एक छोटी भूमिका. सिनेमा पडला, आणि वर नातेवाइकांनी, ओळखीच्यांनी तोंडसुख घेतलं. पडलेल्या सिनेमातली छोटी भूमिका आणि गावभर झालेली नाचक्की, एवढ्या भांडवलावर दुसरी कुणी पुन्हा त्या वाटेला गेली नसती.

भुसावळला जाग आली. फलाटावर चहावाला ओरडत होता. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडात सिनेमा दाखवण्याचे हक्क ‘सी.पी. बेरार सर्किट’ म्हणून वेगळे विकले जायचे, आणि त्या धंद्याच्या पेढ्या इथे भुसावळला आणि पुढे अमरावतीला असायच्या. सिनेमाची रिळं पत्र्याच्या पेट्यांतून रेल्वेनेच फिरायची. पेटी आली तर खेळ, नाही तर थेटराबाहेर पाटी. याच रुळांवरून दुर्गाबाई विदर्भात आल्या असतील, डब्यात बंद होऊन. एवढं मनात आलं आणि पुन्हा झोप लागली.

शुक्रवार

वर्ध्याच्या पुढे खिडकीतून बोचरा वारा आत येत होता. नागपूरला उतरले तर फलाटावर सगळे कान बांधलेले. रिक्षाने धंतोली गाठली. मावशी दारातच उभी होती, शाल पांघरून. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण आवाज खणखणीत. “किती वाळून गेली गं तू! बस आधी, पोहे तयार आहेत.”

पोह्यांवर तर्री. मुंबईच्या माणसाला ही तर्री समजावून सांगता येत नाही, खावीच लागते. काळ्या चण्यांचा लालभडक, तेल सुटलेला रस्सा पोह्यांवर ओततात आणि मग पोहे नावापुरतेच उरतात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ले.

दुपारी मावशीने सांबारवडीचा घाट घातला. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि थंडीत ती जुड्यांनी मिळते. चार जुड्या निवडून, धुऊन, पंख्याखाली कोरड्या करून ठेवल्या होत्या. ओली राहिली तर वडी तेलात फुटते, हे तिने मला दोनदा बजावलं. बारीक चिरलेला सांबार, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, चारोळी, तिखट-मीठ. बेसन आणि कणकेची पारी लाटायची, तिला आतून गोडा मसाला घातलेला चिंचेचा कोळ पुसायचा, सारण ठेवायचं आणि पुडी बांधल्यासारखी घडी घालायची. मावशीची बोटं आता थोडी वाकडी झाली आहेत, पण घडी एकदाही सुटली नाही.

पुड्या बांधता बांधता ती आजीबद्दल बोलत होती. आजीने, म्हणजे तिच्या आईने, ‘अयोध्येचा राजा’ पाहिला होता. “आईचं लग्न नवं होतं. सासूबरोबर गेली होती. तारामतीचा सिनेमा म्हणून सासूने नेलं. देवाधर्माचं होतं ना! दुसरा कोणता असता तर नेलं नसतं.”

हे ऐकून मी लाटणं खाली ठेवलं. पुस्तकांत हा मुद्दा लिहिलेला असतो, पण घरात तो असा ऐकायला मिळणं वेगळं. ‘प्रभात’ फिल्म कंपनीने पहिला बोलपट काढताना हरिश्चंद्र-तारामतीची गोष्ट घेतली, तेव्हा पडद्यावर येणाऱ्या बाईबरोबरच थेटरात येणाऱ्या बाईचीही सोय झाली. सतीचं चरित्र पाहायला सुनेला घेऊन जाणारी सासू पुढच्या वेळी दुसऱ्या सिनेमालाही थोडी सैल झाली असेल. आजी पुढे बरेच सिनेमे बघायची, सासूला सांगून.

संध्याकाळी लॅपटॉपवर ‘अयोध्येचा राजा’ लावला. १९३२ सालचा, व्ही. शांतारामांनी दिग्दर्शित केलेला, कोल्हापुरात तयार झालेला हा पहिला मराठी बोलपट. ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची रिळं उरली नाहीत, पण हा आजही डोळ्यांनी पाहता येतो. हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच. गंगानाथ बाबूराव पेंढारकर. पार्श्वगायन तेव्हा आलंच नव्हतं. ज्याचं काम त्यानेच कॅमेऱ्यासमोर उभं राहून गायचं, आणि वादकांनी कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून साथ करायची. कुणाचा सूर चुकला, कुणी खोकलं, की सगळं पहिल्यापासून. दुर्गाबाई संगीत नाटकांतून आलेल्या नव्हत्या. त्यांच्यासमोर उभे होते ते साक्षात गोविंदराव टेंबे. त्या वेळच्या रंगभूमीची गाणारी माणसं कसल्या तालमीतून आलेली असत हे ठाऊक असलं, की या बाईने केवढी हिंमत केली ते कळतं.

मावशी चष्मा सावरत पुढे सरकून बसली होती. काशीच्या बाजारात तारामती विकली जाते तिथे मी सिनेमा थांबवला आणि मागे नेऊन पुन्हा लावला. भोवतीची माणसं नाटकात बोलावं तसं बोलतात, मोठ्याने, हात उंचावून. तारामती मात्र मान ताठ ठेवून उभी असते. डोळ्यांत पाणी येतं, पण हनुवटी खाली जात नाही. राणी होती हे त्या हनुवटीवरून कळतं, कपडे दासीचे असले तरी. एकाच वर्षापूर्वी जिची नाचक्की झाली, तिने हे काम केलं. आपल्याला विकत घेणाऱ्यांच्या बाजारात मान कशी धरावी, हे तिला कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही.

“आईच्या ध्यानात हेच राहिलं होतं,” मावशी म्हणाली. “ती म्हणायची, रडली पण वाकली नाही.”

रात्री कढी आणि सांबारवडी. आठ खाल्ल्या.

शनिवार

सकाळी एकटीच सीताबर्डीला गेले. नागपूरची जुनी थेटरं शहराच्या पत्त्यांतच मुरलेली आहेत : व्हरायटी चौक, आनंद टॉकीज चौक, पंचशील चौक. रिक्षावाल्याला टॉकीजचं नाव सांगायचं, तो बरोबर सोडतो. व्हरायटी चौकात गांधीजींच्या पुतळ्याशी उभी राहून मी बर्डीची गर्दी पाहिली. डोक्यावरून मेट्रो जात होती, खाली स्वेटरवाल्यांनी ढीग लावले होते आणि संत्र्यांच्या हातगाड्यांभोवती भाव चालला होता. बायकांच्या घोळक्यांना रस्ता सोडायला दुचाकीवाले तयार नव्हते आणि बायका त्यांना जुमानत नव्हत्या.

तिथून मॉरिस कॉलेजकडे. आता त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे, पण जुन्या माणसांच्या तोंडी मॉरिसच. किशोर साहू इथले विद्यार्थी. शिकून मुंबईला गेले, नट झाले, दिग्दर्शक झाले, आणि १९४५ साली त्यांनी केलेल्या ‘वीर कुणाल’मध्ये शोभना समर्थ आणि दुर्गाबाई दोघीही होत्या. कॉलेजच्या फाटकातून पोरं-पोरी आत-बाहेर करत होती. त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं, किशोर साहू माहीत आहेत का? त्याने मोबाइल काढला, नाव शोधलं आणि “अरे, हे आपल्याच कॉलेजचे!” म्हणून मित्राला दाखवायला पळाला. मला त्या पोराचं फार बरं वाटलं.

दुपारचा वेळ या दिवसातला सगळ्यात मोलाचा गेला. मावशीच्या शेजारणीचे दीर एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. आता ऐंशीच्या घरात आहेत. “सिनेमावाली पाहुणी आली” हे कळल्यावर स्वतःच आले, जाकीट घालून, हातात संत्र्यांची पिशवी. मी त्यांना खोदून खोदून विचारत राहिले आणि ते सांगत राहिले.

हजार फुटांचं रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालायचं. मशिनी दोन. एकीवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकतो. पहिला ठिपका दिसला की दुसरी मशीन चालू करायची, दुसरा दिसला की बदलायचं. एका डोळ्याने ठिपका, दुसऱ्या डोळ्याने कार्बन. मशीनमध्ये दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगी धरून उजेड पाडायचा. कांडी जळत जाते तशी पुढे सरकवत राहायची, नाही तर पडदा पिवळा पडतो आणि खालून शिट्ट्या सुरू होतात. केबिनमध्ये उन्हाळ्यात अंगाची लाही व्हायची.

“काका, तुम्हाला दुर्गा खोटे आठवतात का?”

“न आठवायला काय झालं? ‘मुगले आझम’ आम्ही परत परत लावला ना! जोधाबाई.” मग जरा थांबून म्हणाले, “बाई, तुम्हाला एक सांगू का? केबिनमध्ये डायलॉग ऐकू येत नव्हते. छोटा भोंगा होता, पण मशीनच्या घरघरीत काय ऐकणार? मी खिडकीच्या काचेतून निव्वळ चेहरे पाहायचो. दिलीपकुमार, पृथ्वीराज, सगळे बोलून राहिले असायचे. पण ती बाई बोलत नसली तरी तिचं काम चालूच राहायचं. नवरा बोलतो तेव्हा ती मुलाकडे पाहते. मुलगा बोलला की नवऱ्याकडे. डायलॉग न ऐकता मला अख्खी गोष्ट समजली ती तिच्या मानेवरून.”

मी हे वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. समीक्षेच्या पुस्तकांत दुर्गाबाईंच्या अभिनयाबद्दल बरंच वाचलंय, पण इतकं नेमकं कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. आदल्या दिवशी तारामतीच्या हनुवटीपाशी मी अडले होते, आणि इथे एक माणूस जोधाबाईच्या मानेबद्दल सांगत होता. मधे अठ्ठावीस वर्षं गेलेली.

पृथ्वीराजांचं नाव निघालं म्हणून मी काकांना सांगितलं, की हे दोघं तरुणपणी राम-सीता झाले होते. १९३४ साली कलकत्त्याच्या ईस्ट इंडिया फिल्म कंपनीने देवकी बोस यांच्याकडून ‘सीता’ करून घेतला, आणि तो व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. त्याआधीच्या वर्षी न्यू थिएटर्सचा ‘राजरानी मीरा’. आणि १९६० साली तेच दोघं अकबर-जोधा. काकांनी कपाळाला हात लावला, “राम-सीता! आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही.”

कलकत्त्याच्या त्या कामांकडे मी निराळ्या नजरेने पाहते. त्या काळी नट-नट्या महिन्याच्या पगारावर एका कंपनीत बांधलेल्या असायच्या. दुर्गाबाईंनी तसं बांधून घेतलं नाही. कोल्हापूरला ‘प्रभात’, कलकत्त्याला न्यू थिएटर्स, पुन्हा पुण्याला ‘प्रभात’, मुंबईला प्रकाश पिक्चर्स : ज्याचं काम पटेल त्याच्याशी करार. आज आपण याला ‘फ्रीलान्स’ म्हणतो आणि तरीही धाकधूक असते. घरात दोन मुलं असताना, त्या काळात, पगाराची खात्री सोडून हे करणं म्हणजे आपल्या कामाची किंमत स्वतः ठरवणं होतं. पुढे १९३७ साली ‘साथी’ची निर्मितीही त्यांनी केली.

काका जाताना संत्री ठेवून गेले. नागपुरी संत्रं, साल हाताला न चिकटता सुटणारं. संध्याकाळभर मी आणि मावशी तीच सोलत बसलो आणि उद्याच्या कार्यक्रमाचा क्रम लावला.

रविवार

कार्यक्रम चारला होता, साडेतीनपासून बायका यायला लागल्या. मावशीच्या दिवाणखान्यातल्या खुर्च्या संपल्या, मग सतरंजी घातली. निवृत्त शिक्षिका, बँकेतल्या, एक वकील, दोन सुना ज्यांना सासवांनी ओढून आणलं होतं, आणि सगळ्यांत पुढे ऑपरेटरकाका, एकटेच पुरुष.

मी ‘मायामच्छिंद्र’पासून सुरुवात केली. तोही १९३२चाच. स्त्रीराज्याची राणी, पायाशी जिवंत चित्ता. लगेच ‘अमरज्योती’, १९३६. ही गोष्ट मी सविस्तर सांगितली कारण आज ती कुणी पाहिलेली नसते. सौदामिनीला तिच्या मुलाचा ताबा नाकारला जातो. कायदा पुरुषाच्या बाजूने आहे आणि मंत्री दुर्जय तो कायदा तिच्या तोंडावर फेकतो. ती उठते आणि समुद्रावर चाच्यांची सरदारीण होते. दुर्जयाला पकडते आणि त्याचा पाय तोडते. दुर्जय झाले होते चंद्रमोहन, ज्यांच्या डोळ्यांची जरब प्रसिद्ध होती. त्या डोळ्यांसमोर दुर्गाबाई उभ्या आहेत, आणि आपण त्यांच्याकडेच बघत राहतो. हाही सिनेमा व्हेनिसला गेला होता.

वकीलबाई मधेच बोलल्या. त्या कौटुंबिक न्यायालयात काम करतात. “ताब्याच्या केसमध्ये बाई जज्जसमोर रडली तर म्हणतात नाटक करते, नाही रडली तर म्हणतात हिला मुलाचं काही नाही. १९३६ साली हा विषय कुणाला सुचला?” खोलीत गलका झाला. एक आजी म्हणाल्या, पाय तोडला ते बरंच केलं. तो विषय संपायला वीस मिनिटं लागली, आणि मी मुद्दामच थांबवलं नाही.

मग ‘पायाची दासी’. १९४१, आचार्य अत्र्यांची कथा, गजानन जागीरदारांचं दिग्दर्शन, हिंदीत ‘चरणों की दासी’. वनमाला सून, दुर्गाबाई छळणारी सासू. इथे मावशीला राहवलं नाही. तिने हा सिनेमा लहानपणी पाहिलेला. “आम्ही पोरी घाबरून गेलो होतो. तारामती झालेली बाई अशी करते? आई म्हणाली, ते काम आहे तिचं.”

हेच मला सांगायचं होतं आणि ते आजीने सत्तरेक वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं. सोज्ज्वळ, कुलीन, सती, असा शिक्का बसलेला असताना दुर्गाबाईंनी सासू घेतली. लगेच पुढच्या वर्षी विजय भट्टांच्या ‘भरतमिलाप’मध्ये कैकेयी घेतली. सीता शोभना समर्थ यांना. या दोन भूमिकांसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संघटनेने त्यांना दोन वर्षं लागोपाठ सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान दिला. १९४३ साली सोहराब मोदींच्या ‘पृथ्वीवल्लभ’मध्ये मृणालवती, ताठ मानेची, अहंकाराने जळणारी. प्रतिमा जपत बसल्या असत्या तर यातली एकही भूमिका त्यांच्या हाती आली नसती. प्रेक्षकाने आपल्याला चांगलं म्हणावं याची गरज ज्या नटाला उरत नाही, तोच असलं काम करू शकतो, असं माझं ठाम मत आहे.

दोन सुनांपैकी एकीने विचारलं, “पण त्या आईच्या रोलमध्येच का गेल्या? हिरॉइन राहू दिलं नाही म्हणून?”

प्रश्न रास्त होता. १९४६ साली ‘हम एक हैं’ आला, देव आनंदचा पहिला सिनेमा. त्यात दुर्गाबाई आई होत्या. वय एक्केचाळीस. आपल्या सिनेमात चाळिशीच्या बाईला पांढरे केस लावून बसवतात हे तेव्हाही होतं, आजही आहे, आणि ते मला मुळीच मान्य नाही. चाळिशीच्या नटाला त्याच वेळी अठरा वर्षांची नायिका मिळते. पण दुर्गाबाईंनी त्या आयांना एका साच्यात बसू दिलं नाही. ‘मिर्झा गालिब’मधली नायिकेची आई वेगळी, जोधाबाई वेगळी. ‘अभिमान’मधली मावशी वेगळी : भाच्याच्या संसाराला तडा जातोय हे तिला त्या दोघांच्या आधी कळतं, आणि ती फार थोडं बोलते. ‘बॉबी’त मिसेस ब्रगँझा. ‘बिदाई’साठी १९७४ सालचं सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या. ‘कर्ज’ १९८०चा.

“म्हणजे रिटायर झाल्याच नाहीत,” बँकेतल्या बाई म्हणाल्या.

झाल्या नाहीत. उलट १९५२पासून आणखी एक काम वाढवलं. स्वतःची संस्था काढून लघुपट, जाहिरातपट, माहितीपट करायला लागल्या. दूरदर्शनवर १९८८ साली आलेली ‘वागले की दुनिया’ दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. हे सांगितल्यावर खोलीतल्या सगळ्या एकदम “अय्या, खरंच?” म्हणाल्या. टीव्हीसमोर बसून ज्यांनी ती पाहिली होती त्यांना तिच्यामागे कोण होतं हे माहीत नव्हतं.

काकांनी कालचं मानेचं निरीक्षण सगळ्यांना सांगितलं आणि मी ‘मुगले आझम’चा तुकडा आवाज बंद करून लावला. पाच मिनिटं सगळ्या निव्वळ बघत होत्या. मग शिक्षिकाबाई म्हणाल्या, “आता सगळ्यांचे असेच बघायला पाहिजेत.”

वडाभात झाला. मूगडाळीचे वडे भातावर कुस्करून, वरून फोडणीचं तेल. सात वाजून गेले तरी कुणी उठायला तयार नव्हतं.

सोमवार

परतीची गाडी संध्याकाळची. सकाळी मावशीला घेऊन झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघात गेले. संघ १९२३चा. धनवटे रंगमंदिर म्हटलं की मावशीला पाहिलेली नाटकं, मिळालेल्या आणि न मिळालेल्या सगळ्या खुर्च्या आठवतात. जुनी इमारत गेली, नवी उभी राहिली, ती मात्र जुन्या पायऱ्या जिथे होत्या तिथे बोट दाखवून बोलत होती.

काल नाटकांबद्दल बोलायला वेळच उरला नव्हता, ते मी तिला रिक्षात सांगितलं. मुंबई मराठी साहित्य संघाच्या ‘भाऊबंदकी’त दुर्गाबाई आनंदीबाई झाल्या, राघोबा नानासाहेब फाटक. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिलं, ते १९५४ साली हर्बर्ट मार्शल यांनी बसवलं, आणि त्यात लेडी मॅकबेथच्या जागी दुर्गाबाई. आपण सिनेमातली तारका आहोत म्हणून तालमीला कमी येणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. नाटकात चुकीला दुसरा टेक नसतो. घरातही पुढे नाटकच आलं : हरिनची बायको विजया, म्हणजे आपण ज्यांना विजया मेहता म्हणून ओळखतो त्या. हरिन फार लवकर गेले. त्या दुःखानंतरही सासू आपल्या स्टुडिओत आणि सून आपल्या तालमीच्या खोलीत काम करत राहिल्या. ‘अमरज्योती’वर काल एवढा गलका झाला, पण मला स्वतःला दुर्गाबाईंच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड भाग हाच वाटतो.

मानसन्मान मी शेवटी सांगितले, कारण मावशीने विचारले : १९५८चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९६८ साली पद्मश्री, आणि १९८३चा दादासाहेब फाळके. त्या २२ सप्टेंबर १९९१ रोजी गेल्या.

“नाटकाचं राहिलंच मग,” मावशी म्हणाली. “पुढच्या खेपेला आनंदीबाई. ‘भाऊबंदकी’तले प्रवेश आपणच वाचू. वकीलबाईंचा आवाज मोठा आहे, त्यांना राघोबा देऊ.”

“आणि आनंदीबाई?”

“ती मी वाचणार. तू गाडीत बसल्या बसल्या प्रवेश कोणते घ्यायचे ते लिहून पाठव. मोठ्या अक्षरात लिही, मला बारीक दिसत नाही.”

संत्रा बर्फीचे दोन डबे, उरलेल्या सांबारवड्या आणि काकांनी पुन्हा आणून दिलेली संत्री घेऊन स्टेशन गाठलं. वर्धा यायच्या आत पहिल्या अंकातले दोन प्रवेश निवडून झाले होते.